दुष्काळी मुलखातील देहाचा जमाखर्च

ज्या मुलखाने पिढ्यानपिढ्या अन्नाची टंचाई सोसली, त्या मुलखातील वाचकांसाठी वजन कमी करण्याविषयी लिहावे लागणे वरवर पाहता विपरीत वाटेल. परंतु बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात, जेथे पावसाचा भरवसा कधीच नव्हता आणि जेथील शेतकऱ्याचे सारे शहाणपण कोरडवाहू जमिनीतून वर्षाचे धान्य कसे निघेल या एकाच चिंतेतून घडले, तेथेही रक्तदाब, मधुमेह आणि सुटलेले पोट ही त्रयी आता शहरातील पेठेपुरती राहिलेली नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्के अतिवजनाच्या वर्गात आढळले. आणि त्याच पाहणीत त्याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचेही नोंदले गेले. देहात चरबी फाजील आणि रक्तात लोह अपुरे, अशी ही दुहेरी दैन्यावस्था आहे. म्हणून आहार आणि व्यायाम यांचा विचार करताना कमी खाण्याचा उपदेश पुरेसा होत नाही. काय कमी करावे आणि काय वाढवावे, याचा नीट हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब मांडण्यापूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे. १९७२ सालच्या दुष्काळाची आठवण या जिल्ह्यातील वृद्धांच्या बोलण्यातून आजही निघते. त्या वर्षी रब्बीची ज्वारी हाती आली नाही, आडांना तळ लागले आणि माणसे घरदार बंद करून खडी फोडण्यास, रस्ते बांधण्यास व पाझर तलावांच्या मातीकामावर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख लोक राबत होते. परदेशातून आलेली ‘मिलो’ ही तांबडी ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर त्या पिढीने दिवस काढले. अशा अनुभवातून जो समाज जातो, तो पुढे सुबत्ता आली म्हणजे पोटभर जेवणालाच आरोग्य मानू लागतो, लेकराच्या गुबगुबीतपणात सुख पाहतो आणि पाहुण्याच्या ताटात आग्रहाने वाढण्यास सौजन्य समजतो. यात दोष कोणाचा नाही. परंतु टंचाईच्या काळी घडलेली सवय मुबलकतेच्या काळी अपाय करू शकते, हे ओळखणे मात्र आपले कर्तव्य आहे.

ही टंचाई केवळ सवयींत उरलेली नाही, ती देहाच्या घडणीतही उतरली आहे, असे सांगणारे संशोधन महाराष्ट्रातच झाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला. त्यात असे दिसले, की या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडातील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो, आणि आपली बालके स्नायूंनी व उंचीने उणी असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी उणी नव्हती. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ असा तंतोतंत सारखा; परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. काट्यावर समान ठरलेले दोन देह आतून किती भिन्न असू शकतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. गर्भावस्थेत ज्याला अन्न बेताचे मिळाले, तो देह मिळेल ते चरबीच्या रूपाने पोटाच्या आत साठवू पाहतो. म्हणूनच आपल्याकडे दिसण्यात सडपातळ असणारा माणूसही चाळिशीच्या आत मधुमेहाने गाठला जातो.

याच कारणासाठी भारतीयांकरिता मोजमापाच्या मर्यादाही निराळ्या मानल्या जातात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक २३ च्या पुढे गेला, की अतिवजन आणि २५ पासून स्थूलता समजावी, असा आपल्या तज्ज्ञांचा संकेत आहे. उदाहरणार्थ, १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोच्या आत असणे इष्ट आणि ६४ किलोपासून ती स्थूल गणली जाते. मात्र काट्यापेक्षाही साधे आणि अधिक बोलके साधन म्हणजे शिंप्याची फीत होय. बरगडीची शेवटची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता फीत धरावी. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरच्या पुढे असेल, तर वजन काहीही असो, सावध व्हावे. तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी करताना आशा कार्यकर्ती जो नमुना भरून घेते, त्यातही कमरेच्या घेराचा प्रश्न असतो. तो निव्वळ दप्तरी उपचार मानून तिला वाटेला लावू नये.

आता मुख्य गोष्ट. देहाचा व्यवहार हा गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी ठेवलेल्या जमाखर्चासारखा आहे: अन्नातून जी ऊर्जा येते ती जमा, श्वासोच्छ्वासापासून नांगरटीपर्यंत जी वापरली जाते ती खर्च, आणि जी शिल्लक उरते ती चरबीच्या खजिन्यात पडते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींची शिल्लक. रोज अवघ्या १०० कॅलरी फाजील जमा होत गेल्या, तर हा खजिना अडीच महिन्यांत किलोभर वाढावा असे गणित निघते. प्रत्यक्षात वाढत्या देहाचा खर्चही वाढत जात असल्याने वाढ पुढे मंदावते, परंतु तिची दिशा बदलत नाही. आपल्या जिल्ह्यात झाले ते असे, की खर्चाची बाजू एका पिढीत कोसळली. तिफणीच्या जागी ट्रॅक्टर आला, हाताने होणारी मळणी यंत्राकडे गेली, आडावरून डोक्यावर येणारे पाणी नळाने किंवा टँकरने दाराशी आले, आणि पायी तुडवायचे शिवार मोटारसायकलच्या टप्प्यात आले. हे कष्ट कमी झाले ते योग्यच झाले. त्या राबणुकीचे गोडवे गाणे म्हणजे ज्या पिढीने ती सोसली तिच्यावर अन्याय करणे होय. परंतु खर्च घटला असता जमेची बाजू आपण होती तशीच ठेवली, किंबहुना वाढवली. सारा घोटाळा एवढ्याच ठिकाणी आहे.

जमेच्या बाजूला सर्वांत मोठी रक्कम धान्याची. ज्वारी ही आपल्या रब्बीची राणी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड पद्धतीने सिद्ध झालेला मालदांडी ३५-१ हा वाण आपल्या काळ्या जमिनीत अजून मानाने उभा आहे. भाकरीची थोरवी निर्विवाद असली, तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे: १०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३३० कॅलरी मिळतात, आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाहून हा आकडा कमी नाही. भाकरी खाल्ल्याने आपोआप वजन उतरते, ही समजूत म्हणूनच निराधार आहे. भाकरीचा गुण निराळा: तिच्या पिठात मोहन लागत नाही, तव्यावर तेल पडत नाही, पिठाच्या प्रत्येक १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम तंतू असतात आणि ती नीट चावून खावी लागते, त्यामुळे तृप्ती लवकर येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत, २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. २५० ग्रॅम पीठ म्हणजे बेताच्या तीन भाकरी. भात किंवा पोहे खाल्ले, तर तेही यातच वजा करावयाचे.

या कोष्टकाशी आपले नित्याचे ताट ताडून पाहिले, की दोष कोठे आहे ते तत्काळ ध्यानात येते. दोन्ही वेळा मिळून चार-पाच भाकरी, त्यांच्याबरोबर पळीभर पातळ वरण, चमचाभर शेंगदाण्याची चटणी आणि तोंडी लावण्यापुरती भाजी, अशी आपली मांडणी झाली आहे. ती उलटी करावयाची. एक भाकरी कमी झाली, की सुमारे २५० कॅलरी कमी होतात. तिच्या जागी वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, घट्ट वरण, पालक-मेथी-चाकवत यांची पालेभाजी आणि काकडी, मुळा, कांदा यांची कोशिंबीर वाढवली असता पोट रिकामे राहत नाही आणि प्रथिने वाढतात. ज्वारीत लायसीन नावाचा प्रथिनघटक उणा असतो, तो डाळींत मुबलक. डाळींत मेथिओनीन उणा, तो धान्य पुरवते. म्हणून भाकरी आणि वरण यांची सांगड ही नुसती रुचीची बाब नाही. तूर, मूग, उडीद आणि हरभरा हे चारही आपल्याच शिवारात पिकत असता, ते सगळे आडतीवर घालून घरच्या पातेल्यात डाळीचे पाणी उकळावे, हे दुर्दैव आहे.

प्रमाणाचे हे ज्ञान आपल्या परंपरेला अपरिचित होते असेही नाही. मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांत जी वेळ अमावस्या शेतात साजरी होते, त्या दिवशीचे जेवण आठवावे: कोवळा हरभरा, तुरीचे व वालाचे ताजे दाणे आणि हंगामातील भाज्या बेसनाच्या आंबट रसात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि ज्वारीचे पीठ ताकात कालवून केलेली थंडगार आंबील. कडधान्य आणि भाजी यांचा वाटा धान्याच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक असलेले यासारखे जेवण वर्षातून एक दिवस सण म्हणून करण्याऐवजी, हंगामात जमेल तितक्या वेळा घरी करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

भाकरीहून अधिक फसवी जमा ती, जी जेवण म्हणून मोजलीच जात नाही. दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसातून पाच वेळा घेतला, की निव्वळ साखरेच्या सुमारे २०० कॅलरी पोटात जातात; आणि आपल्याकडे कचेरीत, आडतीत, पारावर, पाहुण्याच्या घरी असा पाचवा-सहावा चहा नाकारणे अशिष्ट मानले जाते. भूम तालुक्यातील खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांचा लौकिक दूरवर आहे आणि तो यथार्थ आहे. परंतु पाच लिटरांच्या आसपास दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा निघतो, हे ध्यानी धरले म्हणजे त्यात पुन्हा साखर मिसळून केलेला एक बेताचा पेढा शंभरेक कॅलरींचा का असतो, हे समजते. पेढा प्रसाद म्हणून एक खावा, आवडीने खावा. पाव किलोचा पुडा समोर उघडून बसू नये. तेलाचेही तसेच: मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी. फोडणीसाठी तेल डब्यातून ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घ्यावे, आणि महिन्याला घरात किती किलो तेल येते ते माणशी भागून पाहावे; माणशी ८०० ग्रॅमच्या वर आकडा गेला, की कपात कोठे करावयाची हे निराळे सांगावे लागत नाही.

तुळजापूरच्या आई भवानीचे हे क्षेत्र. नवरात्रात घरोघरी घट बसतात आणि नऊ दिवसांचे उपवास श्रद्धेने होतात. श्रद्धेच्या प्रांतात लेखकाने हस्तक्षेप करू नये, परंतु उपवासाच्या पदार्थांचा हिशेब सांगणे अप्रस्तुत होणार नाही. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ; त्यात प्रथिने व तंतू नाममात्र. १०० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि मोठा चमचा तूप यांची खिचडी ६०० कॅलरींच्या पुढे जाते, म्हणजे दोन भाकरींहून अधिक. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवातूनच निघाली. त्यापेक्षा भगर, राजगिरा, ताक, फळे आणि भाजलेले थोडे दाणे यांवर उपवास केला, तर व्रताचे पावित्र्य राहते आणि देहालाही विश्रांती मिळते. मात्र भगर स्वच्छ, कोरडी व ताजी असावी, कारण तिला बुरशी लागली असता विषबाधा होते.

वजन उतरविण्याच्या पद्धतींपैकी जिची चर्चा मराठवाड्यात सर्वाधिक झाली, ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची. शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन असे प्रतिपादन केले, की कडक भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मधल्या वेळी काही खाऊ नये आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. हिच्या उलट, थोड्या थोड्या अंतराने बेताचे खावे, असे सांगणाऱ्या तज्ज्ञांचाही मोठा अनुयायीवर्ग आहे, आणि या दोन पक्षांचा वाद घरोघरी रंगला. या वादावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग चीनमधील ग्वांगझू येथे झाला व २०२२ साली प्रसिद्ध झाला: १३९ स्थूल व्यक्तींना वर्षभर सारख्याच कमी कॅलरींचा आहार देऊन त्यांपैकी अर्ध्यांना तो दिवसातील आठ तासांतच घेण्यास सांगितले. त्यांचे वजन सरासरी ८ किलोने, तर वेळेचे बंधन नसलेल्यांचे ६.३ किलोने उतरले. आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. याचा बोध असा, की घड्याळ हे साधन आहे. खरे कार्य एकंदर जमा कमी होण्याने घडते. ज्याला दोन वेळांचा नियम पाळणे सुकर जाते त्याने तो पाळावा, कारण त्यामुळे चहा, बिस्किटे आणि फरसाण यांना आपोआप बंदी होते. ज्याला तो जाचक होतो त्याने तीन वेळा मोजून खावे. जी पद्धत पाच वर्षे निभेल तीच आपली.

खर्चाची बाजू वाढवताना चालण्यास पहिला मान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम किंचित वाढेल असा मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावेत. चालण्याची परंपरा येथे जिवंत आहे: आश्विन पौर्णिमेला सोलापुराहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर अंतर असंख्य भाविक एका रात्रीत अनवाणी तोडतात. ज्या पायांत एवढे सामर्थ्य आहे, त्यांनी उरलेले वर्ष मोटारसायकलवर काढावे, हे खेदाचे वाटते. रोज साडेचार किलोमीटर चालणारा मनुष्य दर दहा दिवसांनी हीच वारी पुरी करतो. साठ किलो वजनाच्या माणसाचे अशा एका दिवसाच्या चालण्याने २०० च्या आसपास कॅलरी खर्च होतात, म्हणजे दोन पेढ्यांएवढ्या. तेव्हा चाललो म्हणून वाटेल ते खाण्यास मुभा मिळाली, असा अर्थ काढू नये. चालण्याचा खरा लाभ काट्यावर दिसतो त्याहून मोठा आहे: स्नायू रक्तातील साखर अधिक ओढून घेऊ लागतात, रक्तदाब उतरतो, निद्रा गाढ होते आणि उतरलेले वजन पुन्हा चढू देण्यास देह तितका तत्पर राहत नाही.

परंतु केवळ चालणे पुरत नाही. आपला देह स्नायूंनी मुळातच उणा असल्याचे वर पाहिले; आणि खाणे कमी करून वजन उतरवू लागले, की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तो ऱ्हास थांबविण्याचे दोनच उपाय: पुरेशी प्रथिने, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला निदान ०.८३ ग्रॅम, आणि जोर-बैठका. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारील तालमी, औंधच्या राजेसाहेबांनी महाराष्ट्रभर रुजवलेले सूर्यनमस्कार, आणि कोणतेही साहित्य न मागणारा खो-खो, हे सारे आपले स्वतःचे धन आहे. याच धाराशिवच्या सारिका काळे यांनी २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. पन्नाशीच्या गृहस्थाने खो-खो खेळावा असे नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात टेकून दहा जोर, एवढ्यापासून आरंभ करावा व दर पंधरवड्यास थोडी वाढ करावी.

काही सावधगिरी अवश्य आहे. आठवड्याला अर्धा किलोहून वेगाने वजन उतरविण्याचा हव्यास धरू नये. अतिवेगाने उतरलेल्या वजनाबरोबर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि केस गळू लागतात. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा वैद्याच्या सल्ल्यावाचून बदलू नयेत, कारण साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढत्या वयाची मुले आणि क्षीण वृद्ध यांनी वजन घटविण्याचे प्रयोग करूच नयेत. जाहिरातीतील चूर्णे व पेये यांवर पैसा घालण्याऐवजी तो भाजी, अंडी आणि दूध यांवर घालावा.

आणि अखेरीस, या साऱ्या उपदेशाची खरी कसोटी घरातील स्त्रीपाशी लागते. पुरुष पहाटे उठून धाराशिवच्या क्रीडासंकुलावर किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर फिरून येऊ शकतो. तिची पहाट मात्र पाणी, चूल आणि डबे यांत जाते, आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर डाळीचा तळ व उरलेली भाकरी तिच्या वाट्यास येते. चरबी आणि रक्तक्षय एकाच देहात का नांदतात, याचे एक प्रमुख कारण येथे आहे. तेव्हा ज्या कुटुंबास आरोग्याची आस्था आहे, त्याने दोन ठराव आज करावेत: उसळ, वरण आणि भाजी यांचा तिचा वाटा आधी काढून ठेवावा, आणि दिवसातील पाऊण तास तिला फिरण्यासाठी विनातक्रार मोकळा करून द्यावा, त्या वेळात चुलीशी घरातील अन्य कोणी उभे राहावे. घरातील अन्नाची सूत्रे बहुधा तिच्याच हाती असतात. तिला स्वतःसाठी प्रमाण पाळण्याची सवड मिळाली, तर ते प्रमाण सगळ्या घराच्या ताटात उतरण्यास विलंब लागणार नाही.